सोडून गेलेला खेळाडू परत येतो तेव्हा

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा प्रश्न सरळ आहे. ज्याला इतकी वर्षं डोक्यावर घेतलं, तोच दुसऱ्या संघाचा टी-शर्ट घालून वानखेडेवर उतरणार आहे. तुझ्या गटातल्या पंचवीस-तीस पोरांनी काय करायचं: टाळ्या, हुर्यो, की गप्प बसायचं? ‘ज्याला जे वाटेल ते’ हे उत्तर मला मान्य नाही. गर्दीत एका कोपऱ्यातून सुरू झालेला आवाज पुढच्या दहा सेकंदांत सगळा स्टँड उचलतो, आणि तो कोणी सुरू केला हे नंतर कोणाला सांगता येत नाही. तुम्ही एकत्र बसता, एका तालात ओरडता, म्हणजे सुरुवात करण्याची ताकद तुमच्याकडे आहे. तिचा वापर आधीच ठरवून ठेवा.

पहिलं काम घरी बसून करायचं. तो गेला कसा, हे तपासायचं. ‘पैशासाठी गेला’ हे वाक्य कोणाच्याही तोंडी पटकन येतं, पण आयपीएलमध्ये संघ बदलण्याच्या वाटा वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येक वाटेवर निर्णय घेणारा वेगळा असतो. संघाने रिटेन केलं नाही, म्हणजे लिलावाआधी कायम ठेवलं नाही, तर तो निर्णय बहुतेक वेळा मालकांचा आणि पर्सचा, म्हणजे खर्चाच्या मर्यादेचा. लिलावात दुसऱ्याने जास्त बोली लावली, तर खेळाडूच्या हातात काहीच नसतं, तो घरी टीव्हीवर बघत असतो. ट्रेड, म्हणजे लिलावाबाहेर दोन संघांतला थेट व्यवहार झाला, तर मात्र खेळाडूची संमती लागते, म्हणजे त्यात त्याचाही वाटा आहे.

हार्दिक पांड्याचंच उदाहरण घे, कारण वानखेडेने यात जेवढं चुकायचं तेवढं चुकून पाहिलं आहे. 2015 मध्ये मुंबईने त्याला 10 लाखांना घेतलं. 2015, 2017, 2019 आणि 2020 अशा चार विजेत्या संघांत तो होता. 2022 च्या मोठ्या लिलावाआधी जुन्या संघांना जास्तीत जास्त चार खेळाडू ठेवता येत होते. मुंबईने रोहित शर्मा, जसप्रीत बुमरा, सूर्यकुमार यादव आणि कायरन पोलार्ड ठेवले. चार जागांत पाच माणसं बसत नाहीत. नव्या गुजरात संघाने हार्दिकला 15 कोटींना घेऊन कर्णधार केलं. पहिल्याच वर्षी त्याने करंडक जिंकून दिला, अंतिम सामन्यात 17 धावांत 3 बळी आणि वर 34 धावा. पुढच्या वर्षी गुजरात उपविजेता ठरला. 2021 च्या त्या यादीवरून त्याला गद्दार म्हणणाऱ्याने ती यादी वाचलेली नसते.

2023 च्या नोव्हेंबरमधली परतीची गोष्ट वेगळी. तो ट्रेड होता, आणि मूळ संघात परतायची इच्छा त्यानेच व्यक्त केली, असं गुजरातने जाहीरपणे सांगितलं. त्यामुळे 24 मार्च 2024 ला अहमदाबादच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, त्यामागचा राग मला निदान समजतो. पण 1 एप्रिलला वानखेडेवर, मुंबईच्या त्या मोसमातल्या पहिल्या घरच्या सामन्यात, नाणेफेकीलाच हुर्यो झाली ती आपल्याच कर्णधाराची. समालोचक संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. राग होता रोहितचं कर्णधारपद काढून हार्दिकला दिल्याचा. ते काढण्याचा निर्णय 15 डिसेंबर 2023 ला संघ व्यवस्थापनाने जाहीर केला होता. म्हणजे निर्णय एकाचा आणि शिव्या दुसऱ्याला. त्या सामन्यात सीमारेषेजवळ क्षेत्ररक्षण करणाऱ्या रोहितनेच शेवटी हातवारे करून लोकांना थांबायला सांगितलं. ज्याच्या नावाने ओरडता, त्यालाच ते नको असेल तर ओरडायचं कोणासाठी?

त्या सामन्यात मुंबईचे 20 धावांत 4 गडी बाद झाले होते. 125 धावा कशाबशा झाल्या, त्यात सर्वाधिक 34 हार्दिकच्याच. राजस्थानने सामना सहा गडी राखून जिंकला. मुंबई तो मोसम तळाला संपवून बाहेर पडली. हुर्योमुळे हरली असं मी म्हणणार नाही, संघात इतर दुखणी पुष्कळ होती. पण घरच्या मैदानाचा जो फायदा असतो तो आपण स्वतःच्या हाताने घालवला. कर्णधाराला डीप मिडविकेटवरच्या माणसाला पाच पावलं आत बोलवायचं असतं, गोलंदाजाशी दोन शब्द बोलायचे असतात, आणि हे सगळं विसाव्या षटकापर्यंत घड्याळ बघत. त्यात घरच्याच लोकांचा विरोध सहन करायची वेळ त्याच्यावर का आणायची?

म्हणून परतीचे दोन प्रकार कायम वेगळे ठेव. तो पाहुणा म्हणून, समोरच्या संघातून आला, तर स्वागताचा एक क्षण आणि नंतर कडक विरोध. तो आपल्याच संघात परत आला, तर हुर्यो अजिबात नाही. ज्याच्याने टाळी वाजवणं होत नसेल त्याने गप्प बसावं. गप्प बसणं हा प्रामाणिक पर्याय आहे, त्यात कमीपणा नाही. आणि व्यवस्थापनाबद्दल तक्रार असेल तर ती व्यवस्थापनाकडेच पोहोचव: संघाच्या अधिकृत खात्यावर नाव घालून लिही, ईमेल कर, त्या वर्षीची जर्सी विकत घेऊ नको. विक्रीचे आकडे ते लोक स्टँडमधल्या आवाजापेक्षा काळजीपूर्वक वाचतात.

आता पाहुण्याच्या स्वागताबद्दल, कारण तुझा सामना तोच आहे.

टी-20 मध्ये गडी बाद झाल्यावर नव्या फलंदाजाला साधारण दीड मिनिटात चेंडू खेळायला तयार राहावं लागतं. त्यातला बराचसा वेळ आधीच्या बाद झालेल्याच्या जल्लोषात जातो. तुम्हाला खरा हातात मिळतो तो सीमारेषा ओलांडल्यापासून गार्ड घेईपर्यंतचा, म्हणजे यष्टींसमोर बॅटची जागा ठरवेपर्यंतचा वेळ, अर्ध्या मिनिटाच्या आसपास. गडबड इथेच होते. मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा दिसला की हुर्यो सुरू होते, आणि एकदा सुरू झाली की तिच्यावर टाळ्या चढवता येत नाहीत. टाळी पडद्याच्या आधी सुरू झाली पाहिजे. गटातल्या एकाला डगआउटवर, म्हणजे सीमारेषेबाहेर संघ बसतो त्या जागेवर, नजर ठेवायला सांग. पॅड बांधून बसलेला उठला, हेल्मेट घातलं, की त्याने हात वर करायचा. पहिल्या टाळ्या तुमच्या, सावकाश, एका लयीत. नावाचा घोष त्यानंतर, दोन-तीन वेळाच. त्याने गार्ड घेतला की थांबायचं. गोलंदाज धावत सुटला की तो प्रतिस्पर्धी, आणि तिथून पुढे प्रत्येक निर्धाव चेंडूवर गोलंदाजासाठी घसा फोडा. तो बाद झाला तर मनसोक्त नाचा. त्याने अर्धशतक केलं तर बसल्या जागी थोड्या टाळ्या द्या, एवढं देणं लागतं.

तो गोलंदाज असेल तर गणित बदलतं. पहिल्या षटकासाठी धावण्याचं अंतर मोजायला जातो तेव्हाची वेळ सोयीची.

आणि मनाची तयारी ठेव की तो चांगला खेळेल. 2 एप्रिल 2025 ला मोहम्मद सिराज गुजराततर्फे बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर उतरला आणि बेंगळुरूसाठी सात मोसम जिथे खेळला तिथेच 19 धावांत 3 बळी घेऊन गेला. आठच दिवसांनी त्याच मैदानावर के. एल. राहुलने दिल्लीसाठी नाबाद 93 केल्या आणि विजयी षटकारानंतर बॅटने जमिनीवर वर्तुळ काढून हे आपलं मैदान असल्याचं सांगितलं. तिकडे अमेरिकेत बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स क्लीव्हलंड सोडून मायामीला गेल्यावर 2 डिसेंबर 2010 ला क्लीव्हलंडला खेळायला आला. अख्खं सभागृह त्याच्या विरोधात ओरडत होतं, त्याने 38 गुण काढले. असा परतलेला खेळाडू त्या मैदानाची उसळी, वारा, दिवे, सगळं ओळखतो. त्यात त्याला राग आणून देणं हा आपल्या संघावर अन्याय आहे. शिवाय तोच लेब्रॉन 2014 मध्ये क्लीव्हलंडला परतला आणि 2016 मध्ये त्यानेच त्यांना पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. दारं कायमची लावून घेऊ नयेत, ती अशा कारणाने.

सर्वांत जपायची जागा म्हणजे सीमारेषा. खेळाडू मधे खेळपट्टीवर असतो तेव्हा तुमच्या शब्दांचा नुसता गोंगाट होतो. दोरीजवळ उभा राहिला की शब्द न् शब्द ऐकू जातो. दोरी आणि जाहिरातीच्या पाट्या यांत अंतर अगदी कमी, आणि पाट्यांच्या लगेच मागे तुम्ही. मोठे अनर्थ याच जागी घडलेत. फुटबॉलपटू लुईस फिगो 2000 मध्ये बार्सिलोना सोडून रेआल माद्रिदला गेला. 23 नोव्हेंबर 2002 ला जुन्या मैदानावर तो कॉर्नर मारायला गेला, म्हणजे प्रेक्षकांच्या सर्वांत जवळ, तेव्हा त्याच्या दिशेने बाटल्या, नाणी आणि डुकराचं मुंडकं येऊन पडलं आणि सामना थांबवावा लागला. जानेवारी 2021 मध्ये सिडनीला सिराज सीमारेषेवर उभा असताना त्याला शिव्या ऐकाव्या लागल्या. त्याने कर्णधार अजिंक्य रहाणेला सांगितलं, रहाणेने पंचांना, खेळ काही मिनिटं थांबला आणि सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं गेलं.

तर तुमच्यासाठी दोरीजवळचे नियम: त्याच्या खेळावर बोला, ‘कॅच सुटणार’ म्हणा, त्याचं लक्ष उडवा, हा खेळाचाच भाग आहे. आई, बहीण, बायको, मुलं, जात, धर्म, रंग, शरीर यांतलं काहीही तोंडावर येता कामा नये. हातातली वस्तू हातातच राहील, रिकामा कागदी कपसुद्धा. शेजारचा कोणी घसरला तर त्याच्याशी हुज्जत घालू नको, त्याचा व्हिडिओ काढून टाकूही नको, त्याने त्याला हवी ती प्रसिद्धी मिळते. रांग आणि आसन क्रमांक लक्षात ठेव आणि जवळच्या सुरक्षारक्षकाला जाऊन सांग. हे काम गटातल्या एका शांत डोक्याच्या मुलाकडे किंवा मुलीकडे आधीच सोपव.

फलकाबद्दल तू विचारलं आहेस. साधा, चकाकी नसलेला पांढरा किंवा पिवळा कार्डपेपर घे. चकचकीत कागदावर फ्लडलाइटचा झोत पडला की अक्षरं गायब होतात. अक्षर वीतभर उंच, जाड काळा मार्कर. स्केचपेनने लिहिलेलं चार रांगांपलीकडे दिसत नाही. काठी लावू नको, दारावरच काढून घेतील. दोन हातांत पसरून धरता येईल एवढाच आकार, आणि षटक सुरू असताना खाली, नाहीतर मागचा माणूस चिडेल आणि त्याचं चिडणं रास्त आहे. मजकूर पाच-सहा शब्दांचा. सर्वांत सुंदर मजकूर म्हणजे त्याचं नाव, त्याखाली तो आपल्याकडे खेळला ती वर्षं, आणि ‘आभार’. टोमणा घालायचा मोह होईल. तो टाळ, कारण कॅमेरा फलकाचा एकच तुकडा पकडतो आणि तो तुकडा वर्षानुवर्षं फिरत राहतो.

हे सगळं आयपीएलपुरतं ठेवू नको. रणजीला वानखेडेवर प्रेक्षक मोजकेच असतात आणि त्यामुळे एकट्या माणसाचा टोमणा स्लिपपर्यंत जातो. राज्य बदलायला खेळाडूला आपल्या संघटनेकडून ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि हा बदल बहुतेक वेळा अकरांत जागा मिळावी म्हणून असतो. अर्जुन तेंडुलकर 2022 मध्ये गोव्याला गेला आणि रणजी पदार्पणात शतक केलं. यशस्वी जैस्वालने एप्रिल 2025 मध्ये गोव्याला जाण्यासाठी प्रमाणपत्र मागितलं आणि पुढच्याच महिन्यात विचार बदलला. त्या चार आठवड्यांत त्याला नावं ठेवणाऱ्यांना आता त्याच्यासाठीच टाळ्या वाजवायच्या आहेत. पृथ्वी शॉ 2025 मध्ये महाराष्ट्राकडे गेला. ऑक्टोबरमध्ये पुण्याजवळ गहुंजेला मुंबईविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने 181 धावा केल्या आणि बाद झाल्यावर मैदानातच वाजलं. खेळाडूंची डोकी आधीच तापलेली असतात, कट्ट्यावरून त्यात तेल ओतू नये.

हार्दिकचं पुढे काय झालं ते तुला पाठ असेल, तरी गटातल्या लहान पोरांना सांग. 29 जून 2024, ब्रिजटाउन, टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेला 24 चेंडूंत 26 हव्या होत्या, क्लासेन पेटलेला होता, त्याला हार्दिकने बाद केलं. शेवटच्या षटकात 16 हव्या असताना चेंडू पुन्हा त्याच्याच हातात, पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमारने दोरीवर मिलरचा झेल घेतला. 4 जुलैला विजयी मिरवणूक नरिमन पॉइंटवरून वानखेडेला आली आणि एप्रिलमध्ये ज्या स्टँडने हुर्यो उडवली होती त्याच स्टँडमधून त्याच्या नावाचा घोष झाला. मला तो घोष आवडला, पण एप्रिलमध्येच तो हवा होता, तेव्हा त्याला त्याची गरज होती.

मोबाइलचं शेवटी सांगतो. सामन्यानंतरचे दोन तास खेळाडूला टॅग करून काहीही लिहायचं नाही, चांगलंसुद्धा, हरलो असलो तर मुळीच नाही. त्याच्या घरच्यांच्या खात्यांवर कधीच जायचं नाही. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आदल्या रात्री एकच निरोप टाक: कोण डगआउटकडे बघणार, कोण टाळी सुरू करणार, कोण सुरक्षारक्षकाकडे जाणार, आणि गार्ड घेतला की सगळे थांबणार. दोन मुलं हमखास म्हणतील की आम्ही हुर्योच करणार. त्यांना बाहेर काढू नको. त्यांना फलक धरायला दे आणि टाळी सुरू करणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना बसव.

तुझा,
शुभचिंतक