नातू गोल का करत नाही?

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या ब्रॅम्पटनहून एका आईचं पत्र आलंय. माहेर सोलापुरात साखर पेठेतलं, सासर जुळे सोलापूरचं. मुलगा पंधरा वर्षांचा, आइस हॉकीत डिफेन्सला खेळतो. ओंटारिओ हॉकी लीग या तिथल्या कुमारांच्या मोठ्या लीगमधल्या एका संघाची माणसं त्याला बघून गेलीत. निवड झाली तर सोळाव्या वर्षी दुसऱ्या गावात, अनोळखी कुटुंबात राहून खेळायचं. नवरा म्हणतो, आधी बारावी. आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आजोबा विचारतात, "किती गोल मारलास रे?" पोरगं "झिरो, आजोबा" म्हणतं आणि फोन आईच्या हातात देऊन आत निघून जातं.

ताई, आधी आजोबांचं बघू. मी चौतीस वर्षं शाळेत पी.टी. घेतली, कबड्डीचे संघ बांधले. चढाई करणाऱ्या पोराचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं. उजव्या कोपऱ्यावरच्या पोराचं कधीच नाही, पण तो बाद झाला की आमचा संघ ढासळायचा. आजोबांना एवढंच सांगा की नातू कोपऱ्यावर खेळतो. त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही.

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी तीनदा पाहिला. पहिल्यांदा मला पकच (म्हणजे बर्फावरून घसरणारी रबराची चकती, त्यांचा चेंडू) दिसला नाही, खोटं कशाला बोलू! दुसऱ्यांदा फक्त तुमच्या मुलाकडे पाहिलं. पक मागे कोपऱ्यात गेला, हा तो आणायला वळला आणि जाता जाता खांद्यावरून दोनदा मागे पाहिलं. समोरचा गडी अंगावर येणार हे त्याला कळलं होतं. त्याने पक जोडीदाराकडे सरकवला आणि मग धडक खाल्ली, फळीवर आपटला, उठला, परत जागेवर. गोल नाही, टाळी नाही. पण ते दोनदा मागे बघणं शिकवून येत नाही, ताई. मी शिकवून थकलोय.

त्यामुळे गोल मोजू नका. एका सामन्यात प्रत्येक संघाचे सहा डिफेन्समन असतात, तीन जोड्या. एकेक पाळी पाऊण मिनिटाची. संघ एका गोलने पुढे आहे आणि शेवटचं मिनिट चालू आहे, तेव्हा कोच कोणती जोडी बर्फावर पाठवतो ते बघा. प्रगतिपुस्तक तेच.

आता घाईबद्दल. डिफेन्सचा खेळाडू उशिरा पिकतो. एनएचएल ही तिथली सर्वात मोठी व्यावसायिक लीग, आणि तिचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तो ड्राफ्ट. निकलास लिडस्ट्रॉमला 1989 च्या ड्राफ्टमध्ये 53 व्या क्रमांकावर घेतलं होतं. सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी त्याला पहिल्यांदा मिळाली 2001 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. पुढे एकूण सात वेळा. झ्देनो चारा 1996 ला 56 वा होता आणि 2022 पर्यंत खेळला, 1,680 सामने. पंधराव्या वर्षी कुणी हो म्हटलं किंवा नाही म्हटलं, तर त्यावर घर डोक्यावर घेऊ नका.

परक्या घरी राहण्याचं मला फारसं वाटत नाही. आपल्याकडची पोरं अकरावीला लातूरला जातातच की, कॉट बेसिसवर राहतात, मेसचं जेवतात. तिथल्या यजमान कुटुंबाला बिलेट म्हणतात. त्यांना आधी भेटा, एक वेळ त्यांच्या घरी जेवा. अभ्यासाचं मात्र तोंडी काही ठेवू नका. लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक सीझनमागे एका वर्षाची कॉलेजची फी मिळते. पण खेळ थांबल्यावर किती दिवसांत कॉलेज सुरू करायचं, व्यावसायिक करार केला तर त्या पैशाचं काय, हे सगळं कागदावर घ्या. नवऱ्याची शिक्षणाबद्दलची भीती एका बाबतीत जुनी झालीय. पूर्वी या लीगमध्ये खेळलं की अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं. 1 ऑगस्ट 2025 पासून ते उघडलंय.

पैशांचं स्वप्न आतापासून बघू नका. एनएचएलचा ड्राफ्ट अठराव्या वर्षी, सात फेऱ्या, जगभरातून 224 मुलं. निवडलेल्यांतलेही बरेच खालच्या लीगमध्येच वर्षं काढतात, आणि दुहेरी करारात पगार तुम्ही वर खेळता की खाली यावर ठरतो. एजंट आला तर कागद तुमच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही. बॉबी ऑरसारख्या डिफेन्समनला त्याच्याच एजंटने बुडवलं होतं. आणि गुडघ्यांनी तिसाव्या वर्षीच घरी बसवलं, ते वेगळंच.

डोक्याच्या माराबाबत मात्र मी कडक आहे. पोरं सांगत नाहीत, जागा जाईल म्हणून लपवतात. ओंटारिओत 2018 पासून रोवन्स लॉ आहे: मेंदूला धक्का बसल्याचा संशय आला की खेळाडूला लगेच बाहेर काढायचं आणि डॉक्टरी परवानगीशिवाय परत उतरवायचं नाही. कोच चांगला असला तरी घरी एक प्रश्न रोज विचारा: आज डोकं कसं आहे? गोलांचा प्रश्न आजोबांकडून काढून घ्यायचा आहे, त्यांना हा द्या. आजोबांना मुलं खरं सांगतात.

त्याला जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला आणता येणार नाही, सीझन ऐन भरात असतो. मे महिन्यात या म्हणायचं तर इथला पारा 43 च्या पुढे, बर्फावरचं पोर बिचारं वितळून जाईल. तुमच्या सासूबाई शेंगा चटणीचे डबे भरतीलच, ते बिलेटच्या घरी नेण्याआधी एक विचारून घ्या, त्या घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी तर नाही ना.