जिनिंगमधल्या ४८ कॅमेऱ्यांसाठी ६४ चॅनेलचा एकच एनव्हीआर घ्यावा का?

भाऊ, वणीजवळच्या जिनिंगमध्ये तुम्ही ४ मेगापिक्सेलचे ४८ कॅमेरे बसवताय, ३० दिवसांचं रेकॉर्डिंग हवंय आणि ६४ चॅनेलच्या (म्हणजे ६४ कॅमेरे जोडता येणाऱ्या) एकाच एनव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या रेकॉर्डरवर, भागेल का, असं विचारलंय. भागेल. पण मी ३२ चॅनेलचे दोन घेईन आणि ते दोन वेगळ्या इमारतींत ठेवीन. कापसाच्या गंजीला आग लागली की ती कुठून सुरू झाली हेच सगळे आधी विचारतात. रेकॉर्डरच जळाला तर दाखवणार काय? कॅमेरे वाटताना वजनकाट्यावरचा एक या रेकॉर्डरवर टाका, दुसरा त्यावर. जिन हॉल, यार्ड, गेट, सगळीकडे तसंच.

दुकानात चॅनेल मोजून माल देतात. तुम्ही इनकमिंग बँडविड्थ विचारा, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचा मिळून सेकंदाला किती डेटा तो रेकॉर्डर घेऊ शकतो ते. एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) वर, सेकंदाला १५ फ्रेम ठेवून, मी अशा कॅमेऱ्याला ४ एमबीपीएसची (सेकंदाला मेगाबिट) कमाल मर्यादा लावतो. २४ कॅमेऱ्यांचे ९६ झाले. बऱ्याच एनव्हीआरची क्षमता रेड (डिस्क बिघडली तरी रेकॉर्डिंग वाचावं म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडायची सोय) चालू केल्यावर कमी होते, म्हणून रेडसकटचा आकडा मागा आणि तो १५० एमबीपीएसच्या वर असेल तरच घ्या.

डिस्कचा हिशेब तोंडी होतो. १ एमबीपीएस चोवीस तास चाललं की १०.८ जीबी भरते. म्हणजे एका रेकॉर्डरला दिवसाला साधारण १ टीबी, महिन्याला ३१. ६ टीबीच्या आठ डिस्क रेड ६ मध्ये लावल्या की दोन डिस्कची जागा सुरक्षेसाठी जाते, ३६ टीबी हाती उरते. रेड ५ मध्ये एका डिस्कचे पैसे वाचतात खरे, पण बिघडलेली डिस्क बदलल्यावर नवी भरून निघायला कित्येक तास लागतात आणि तेवढ्यात दुसरी गेली तर सगळंच गेलं. डिस्क सर्व्हेलन्सच्याच, म्हणजे सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेल्याच घ्या.

मोशनवर रेकॉर्डिंग लावलं की जागा वाचते, असं कोणीतरी सांगेलच. बंद गोडाऊनमध्ये वाचते, जिन हॉलमध्ये नाही. तिथे हवेत रुईचे तंतू उडत असतात. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात ते लेन्ससमोर पांढरे चमकतात आणि कॅमेरा त्यालाच हालचाल समजतो. हॉल आणि काटा सलग रेकॉर्डिंगवरच ठेवा.

आता सेटिंगचं. दोन हंगामांपूर्वी एका जिनिंगमध्ये काट्याचं फुटेज काढायला मला बोलावलं होतं. शेतकऱ्याचं म्हणणं होतं की रिकाम्या गाडीचं वजन घेताना दोन माणसं गाडीवर उभी होती. पावतीवर वेळ संध्याकाळी ६:१०. फुटेजमध्ये ६:१० ला भलतीच गाडी! रेकॉर्डरचं घड्याळ २३ मिनिटं मागे होतं. ५:४७ ला ती गाडी सापडली, वर उभी असलेली माणसंही स्पष्ट दिसली. पण तोवर तो माणूस तीन दिवस चकरा मारत होता. दुसऱ्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगच नव्हतं, कारण त्याची डिस्क दिवाळीतच गेली होती. बझर वाजला तेव्हा चौकीदारानं बंद केला. म्हणाला, "लय पीं-पीं करत होता भाऊ, म्हून बंद केला." त्याला तरी काय बोलणार? तो आवाज कशाचा हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून दोन्ही रेकॉर्डर, सगळे कॅमेरे आणि काट्याचा कॉम्प्युटर एकाच एनटीपी सर्व्हरवर (सगळ्यांची घड्याळं जुळवून ठेवणारा सर्व्हर) ठेवा. डिस्क एरर आणि कॅमेरा बंद, हे दोन अलर्ट थेट मालकाच्या मोबाईलवर यायला हवेत. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) प्रमाणपत्र लागतं, तेव्हा फुटेजची मूळ फाइल काढून ठेवा. मोबाईलवर स्क्रीनचा व्हिडिओ काढून भागवू नका.

रेकॉर्डरची खोली रुईपासून लांब हवी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे एसी हवाच; यूपीएस ऑनलाइन प्रकारचा घ्या. हंगामात पंधरा दिवसांनी फिल्टर काढून साफ करा. यार्डात ९० मीटरच्या पुढे तांब्याची केबल नेऊ नका, फायबर टाका. जूनमध्ये वीज कडाडली की तांब्याच्या तारेतून झटका थेट स्विचपर्यंत येतो, फायबरमधून येत नाही. त्या टोकाच्या स्विचचा अपलिंक (रेकॉर्डरकडे जाणारी जोडणी) गिगाबिटचाच हवा.

बसवून झाल्यावर ३१ व्या दिवशी स्वतः बसा आणि पहिल्या दिवसाची काट्यावरची पाच मिनिटं दोन्ही रेकॉर्डरवर उघडून बघा. ती दिसल्याशिवाय बसवणाऱ्याचं शेवटचं बिल देऊ नका.