वाचक विचारतात: कोच गेला म्हणून खेळाडूही निघाले?

प्रश्न: माझा भाचा अमेरिकेत अलाबामा विद्यापीठात शिकतो. २०२४ मध्ये तिथल्या अमेरिकन फुटबॉल (हातात चेंडू घेऊन पळायचा खेळ) कोचनं निवृत्ती घेतली आणि चांगली चांगली पोरं दुसऱ्या कॉलेजात गेली, म्हणून तो अजून चिडलेला आहे. कॉलेज असं मधेच सोडता येतं?
— एक वाचक, सांगली

उत्तर: येतं, ताई. निक सेबन यांनी १० जानेवारी २०२४ ला निवृत्ती जाहीर केली. तेव्हाच्या नियमानुसार मुख्य कोच गेला की खेळाडूंना ३० दिवस बदलीची मुभा मिळे. पूर्वी बदलीनंतर बहुतेकांना वर्षभर बाकावर बसावं लागे. २०२१ पासून ती अट सैल झाली. त्याच वर्षी जाहिरातींतून कमाईची परवानगीही मिळाली. मग थांबतंय कोण!

सगळ्यात जिव्हारी लागलं ते केलेब डाउन्सचं जाणं. पहिल्याच वर्षी १०७ टॅकल करणारा, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणारा, हा बचावपटू ओहायो स्टेट विद्यापीठात गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला. आयझाया बाँडनं टेक्सास विद्यापीठ गाठलं. केडिन प्रॉक्टरची तऱ्हा निराळी: तो घरच्या आयोवाला गेला नि दोन-तीन महिन्यांत अलाबामात परतलाही.

मला विचाराल तर पोरांना बेइमान म्हणणं बरोबर नाही. पोराला संघात घेताना घरी येऊन आईवडिलांना शब्द देतो तो कोच. तोच नसेल तर पोरानं कुणाच्या भरवशावर राहायचं? शिवाय नवे कोच कॅलन डीबोअरही वॉशिंग्टनचा संघ सोडूनच आले होते. हे भाच्याला जरूर ऐकवा.