कोळ्याच्या विषातलं पेप्टाइड ई. कोलायमध्ये बनतंय, मग अळ्या का मरत नाहीत?

तुम्ही म्हणता, कीटकनाशक म्हणून हे पेप्टाइड (छोटं प्रथिन) ई. कोलाय या जिवाणूकडून बनवून घेताय, जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीत) त्याचा बँड ठसठशीत येतोय, पण फवारलेली पानं अळ्या खुशाल फस्त करतायत. तुम्ही प्रथिन पेशीद्रवात बनवताय, त्यामुळे माझा पहिला संशय घडीवर, म्हणजे साखळी नीट दुमडून योग्य आकार घेते का यावर आहे.

कोळ्याच्या अशा बऱ्याच पेप्टाइडांत सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल सहा वेळा असतं, त्यांच्या जोड्या जुळून तीन डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंध होतात. सहांच्या जोड्या 15 प्रकारे लावता येतात, त्यातला कामाचा प्रकार एकच. ई. कोलायच्या पेशीद्रवात असले बंध सहसा जमतच नाहीत. तिथली ग्लुटाथायोन आणि थायोरेडॉक्सिन ही क्षपण करणारी द्रव्यं ते होऊ देत नाहीत. म्हणून पेप्टाइड पेरिप्लाझममध्ये, म्हणजे जिवाणूच्या दोन आवरणांमधल्या जागेत पाठवा. तिथे डीएसबीए हे विकर बंध जोडतं, डीएसबीसी हे दुसरं विकर चुकलेले सोडवून पुन्हा लावतं. सुरुवातीला पेरिप्लाझमकडे नेणारा संकेत, मग हिस-टॅग (शुद्धीकरणासाठीची खूण), माल्टोज बाइंडिंग प्रोटीन (विरघळायला मदत करणारं जोडप्रथिन), टीईव्ही प्रोटिएज या प्रथिन कापणाऱ्या विकराची कापायची जागा आणि शेवटी पेप्टाइड, अशी रचना मी वापरतो. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या ग्लेन किंग यांच्या गटाने 2013 मध्ये ती सविस्तर छापली आहे. आयपीटीजी (प्रथिननिर्मिती सुरू करणारं रसायन) घातल्यावर तापमान 16 अंशांवर आणा, रात्रभर चालू द्या.

टीईव्हीच्या नेहमीच्या बफरमध्ये डीटीटी हे डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन असतं. इथे ते घातलंत तर मेहनतीने जुळवलेले बंधच तुटतील. त्याऐवजी ग्लुटाथायोनच्या क्षपित आणि ऑक्सिडित रूपांचं मिश्रण वापरा.

तपासताना मास स्पेकवर (रेणूचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) बंध नसलेल्या पेप्टाइडपेक्षा वस्तुमान 6 डाल्टनने कमी दिसलं, तर तीनही बंध झालेत. पण चुकीच्या 14 जोडण्यांचं वस्तुमानही तेवढंच भरतं! त्यामुळे एचपीएलसी (मिश्रणातले रेणू वेगळे करणारी चाचणी) कराच. एकच टोकदार पीक हवं. पसरट उंचवटा आला तर घडी फसली.

दुसरं म्हणजे पानावर फवारण्याआधी थोडं अळीला टोचून पाहा. टोचल्यावर मेली आणि खाऊन जगली, तर अडचण आतड्याची: पेप्टाइड मज्जासंस्थेपर्यंत पोचतच नाही. हॅड्रोनिकी व्हर्सुटा या ऑस्ट्रेलियन कोळ्याच्या पेप्टाइडावर बेतलेलं वेस्टारॉन कंपनीचं 'स्पिअर-लेप' हे कीटकनाशक म्हणूनच थोड्या बीटीसोबत (बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूपासूनचं कीटकनाशक) फवारतात. बीटीचं विष आतड्याला भोकं पाडतं, मग याला वाट मिळते. स्नोड्रॉप या फुलझाडाच्या लेक्टिनला (साखरेला चिकटणाऱ्या प्रथिनाला) पेप्टाइड जोडून आतड्यापार नेण्याचाही मार्ग आहे, पण माझ्या मते आधी बीटी. त्यासाठी नवं क्लोनिंग करावं लागत नाही.

आणि पुढे मोठ्या प्रमाणावर बनवायचं डोक्यात असेल, तर यीस्टचा विचार आत्तापासून करा. वेस्टारॉनही क्लुइव्हेरोमायसिस लॅक्टिस हे यीस्टच वापरते. ते पेप्टाइड सरळ माध्यमात सोडतं, पेशी फोडायची कटकट उरत नाही.