३०० ते ६०० यार्डांच्या बेंचरेस्ट (टेबलावर रायफल टेकवून नेम साधण्याच्या) स्पर्धेसाठी कोणतं काडतूस निवडावं?

सरळ सांगतो: ६ मिमी बीआर नॉर्मा घ्या.

१०० ते २०० यार्डांवर ६ पीपीसी या काडतुसाचं राज्य आहे, पण त्यातली ६५-६८ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं एकक) हलकी गोळी ६०० यार्डांपर्यंत जाताना वाऱ्याने बरीच सरकते. बीआरमधून १०५ ग्रेनची लांब, निमुळती गोळी चालते. त्यासाठी बॅरलचा ट्विस्ट (आतल्या खाचांचा पीळ) १:८ हवा, म्हणजे ८ इंचांत एक पूर्ण वळसा. हे आधी बघा, कारण १:१४ च्या बॅरलमधून ती गोळी स्थिरच होणार नाही आणि कागदावर आडवी लागल्याची भोकं दिसतील.

डॅशर आणि बीआरए ही बीआरचीच सुधारित रूपं. केसचा (काडतुसाच्या पितळी कवचाचा) खांदा, म्हणजे तोंडाकडचा उतार, ४० अंशांचा, दारू थोडी जास्त मावते, वेगही वाढतो. पण केस आधी नव्या चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) झाडून फुगवून घ्यावी लागते. रीलोडिंगचा (वापरलेल्या केस स्वतः पुन्हा भरण्याचा) हात बसल्यावरच तिकडे वळा.

.३०८ हे काडतूस मात्र टाळा. धक्का जास्त, त्यामुळे रायफल दर वेळी टेकूच्या बॅगांवर तशीच परत बसत नाही, आणि गट (कागदावरच्या भोकांचा पुंजका) तिथेच फुटतो. ६.५-२८४ हजार यार्डांना छान, पण बॅरल लवकर खाते.

उरलेले पैसे चांगल्या केस आणि विंडफ्लॅगवर (वारा दाखवणाऱ्या झेंड्यांवर) घाला. ६०० यार्डांवर वारा वाचता आला नाही, तर कुठलंही काडतूस तुम्हाला तारणार नाही.