परसातल्या कोंबड्या : जोड्या कशा लावाव्यात?

प्रश्न : आमच्याकडे बारा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. आधीचा कोंबडा गेल्यावर त्याचाच मुलगा ठेवला होता. आता त्याचाही मुलगा तयार झालाय आणि तो बापापेक्षा देखणा आहे. पूर्वी दहा अंड्यांतून आठ-नऊ पिल्ले निघत, हल्ली पाच-सहाच निघतात. हा तरणा कोंबडा पैदाशीला ठेवावा का?

उत्तर : नको. तुमच्या कळपातल्या बहुतेक कोंबड्या त्याच्या बहिणी, आत्या नाहीतर आई असणार. सख्खे भाऊ-बहीण किंवा आई-मुलगा अशी जोडी लागली, की पिल्लाच्या सुमारे 25 टक्के जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येतात. सावत्र भावंडांत हे प्रमाण 12.5 टक्के असते. एरवी झाकलेले दोष अशा वेळी उघडे पडतात. पहिला फटका बसतो तो उबवणीला, त्यानंतर पिल्लांच्या तग धरण्याला.

तरीही सगळे खापर नात्यावर फोडण्याआधी एक तपासणी करा. अंडी बसवल्यावर सातव्या दिवशी अंधारात प्रत्येक अंडे विजेरीवर धरून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या तर जीव वाढतो आहे. अंडे कोरे दिसले तर बहुधा ते फळलेच नाही : कोंबडा म्हातारा, फार लठ्ठ किंवा पायाने अधू असेल, नाहीतर एकट्यावर कोंबड्या जास्त होत असतील. मध्यम वजनाच्या जातीत एका कोंबड्यामागे आठ ते दहा कोंबड्या पुरेत. रक्ताचे कडे दिसले, तर गर्भ धरून मेला. नात्यातली जोडी हे त्याचे एक कारण. अंडी फार दिवस साठवणे, उबेत चढउतार होणे आणि आईच्या खाद्यात जीवनसत्त्वे कमी पडणे ही इतर कारणे. कोंबड्यांना नुसते धान्य मिळत असेल, तर रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही गर्भ अंड्यातच मरतात.

नवा कोंबडा नात्याबाहेरचा आणा आणि त्याची पारख कोंबडीपेक्षा कडक करा. एक कोंबडी फक्त स्वतःच्या पिल्लांत उतरते, कोंबडा कळपातल्या प्रत्येक पिल्लात अर्धा असतो. तो अंडी घालत नाही, पण अंड्यांचा गुण मुलींना देतो. म्हणून त्याचा तुरा पाहण्याआधी त्याच्या आईने किती अंडी घातली ते विचारा. चोच वाकडी, बोटे मुडपलेली, छातीचे हाड वाकलेले किंवा शेपूट एका बाजूला कललेली असेल तर तो नको. माणसावर धावून जाणाराही नको, कारण स्वभावही पुढच्या पिढीत उतरतो. आणल्यावर 30 दिवस वेगळा ठेवा. सर्दी-घरघरीतून बरा झालेला पक्षी वरून ठणठणीत दिसला, तरी रोग बाळगून असू शकतो. काही रोग तर अंड्यातूनच पिल्लांत जातात.

जागा असेल तर तीन खुराडी करा आणि नर दरवर्षी फिरवा. मुली आईच्याच खुराड्यात राहतील. पहिल्यातले निवडक तरणे कोंबडे दुसऱ्यात, दुसऱ्यातले तिसऱ्यात, तिसऱ्यातले पहिल्यात. पिल्लांच्या पायात खुराड्याप्रमाणे रंगीत कडी घाला, नाहीतर सहा महिन्यांनी कोण कुणाचे हे सांगता येत नाही. एवढी सोय नसल्यास दर एक-दोन वर्षांनी बाहेरून नर बदलणे हाच मार्ग.

प्रश्न : सगळ्याच कोंबड्या चांगल्या दिसतात. अंडी कुणाची बसवावीत?

उत्तर : दिसण्यावर जाऊ नका. पिवळ्या पायांच्या जातीत सतत अंडी घालणारीचा पिवळा रंग बलकात उतरतो आणि पाय फिके पडतात. हंगाम संपतानाही पाय पिवळेजर्द आणि पिसारा चकचकीत असेल, तर ती बहुधा बसून खाणारी आहे. चांगली कोंबडी उशिरा पिसे गाळते आणि लवकर भरून काढते.

हातात घेऊन पाहा. शेपटीखाली दोन टोकदार हाडे लागतात. अंडी चालू असलेल्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे सहज मावतात, बंद असलेलीत एकच. ही खूण फक्त त्या दिवसाची आहे, वर्षाचा हिशेब वहीतच हवा.

दुसऱ्या वर्षातल्या कोंबड्यांना पसंती द्या. त्यांचे एक वर्षाचे अंडे मोजलेले असते आणि आजारपणातही त्या टिकलेल्या असतात. तलंगीची, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या तरुण कोंबडीची, पहिली अंडी लहान असतात, त्यांतून पिल्लेही लहान निघतात, म्हणून ती बसवू नका. खुडूक होण्याची सवयही वंशात उतरते. यंत्राशिवाय पिल्ले काढायची असतील, तर खुडूक बसून नीट पिल्ले काढणारी एखादी राखाच.

प्रश्न : नवा कोंबडा सोडल्यावर किती दिवसांनी अंडी बसवावीत?

उत्तर : जुना काढल्यापासून चौथ्या आठवड्यात. कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्राणू दोन आठवडे, कधी तीन आठवडेही जिवंत राहतात. नवा सोडल्यावर दोन-तीन दिवसांत फळलेली अंडी मिळू लागतात, पण तीन आठवडे त्यांचा बाप नक्की कोण हे सांगता येत नाही. बसवायची अंडी सात दिवसांपेक्षा जास्त साठवू नका. 15 ते 18 अंश सेल्सिअसला, टोकदार बाजू खाली करून ठेवा.

प्रश्न : उलट्या पिसांचा कोंबडा आणि उलट्या पिसांची कोंबडी यांची जोडी लावली. काही पिल्ले जवळजवळ उघडीच राहिली. का?

उत्तर : त्यांना या गुणाच्या दोन प्रती मिळाल्या. अशा जोडीत चारातले सरासरी एक पिल्लू तसे निघते. त्याची पिसे ठिसूळ असतात, तुटतात, आणि थंडी त्याला सोसत नाही. उलट्या पिसांच्या पक्ष्याला साध्या पिसांचाच जोडीदार द्या. निम्मी पिल्ले हवी तशी निघतील आणि उघडे एकही नसेल. आखूड पायांच्या जातींत हीच चूक अधिक महागात पडते. दोन्ही आखूड पायांचे असतील, तर सुमारे चौथा हिस्सा गर्भ पहिल्या काही दिवसांतच अंड्यात मरतात. तिथेही एक जोडीदार लांब पायांचा हवा.