पोर्टल व्हेन बंद आणि पित्तनलिका अरुंद: आधी शिरांकडे बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ 26 वर्षांचा, पोर्टल व्हेन (यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर) लहानपणापासून बंद, रक्ताच्या उलट्यांसाठी बँडिंग (अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबरी कडी लावणं) झालेलं. आता नेहमीच्या तपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त अडलं की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं निघालं, म्हणून एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) केली तर पित्तनलिका अरुंद, कडा वेड्यावाकड्या, शिवाय पित्ताशयात खडे. एक डॉक्टर म्हणतात स्टेंट (पित्तनलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकू, दुसरे म्हणतात पित्ताशय काढून मोकळे व्हा. कावीळ, ताप, दुखणं यातलं काहीच नाही.

मी डॉक्टर नाही, याच आजाराचा जुना रुग्ण आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: त्रास नसेल तर आत्ता स्टेंटही नको आणि पित्ताशयालाही हात नको. का, ते नीट सांगतो, म्हणजे तुम्हाला डॉक्टरांशी बोलता येईल.

आतडी आणि प्लीहेकडून येणारं रक्त पोर्टल व्हेनमधून यकृतात जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्ताचा साधारण तीन चतुर्थांश भाग याच वाटेने येतो. ती वाट गुठळीने बुजली की रक्त आजूबाजूच्या बारीक शिरांत शिरतं आणि त्या फुगतात. काही आठवड्यांतच तिथे शिरांचं जाळं तयार होतं, त्याला कॅव्हर्नोमा म्हणतात. आता पित्तनलिका नेमकी पोर्टल व्हेनच्या शेजारूनच जाते. तिला समांतर जाणाऱ्या शिरांचं एक जाळं असतं आणि तिच्या पृष्ठभागाला चिकटलेलं दुसरं, फार बारीक जाळं असतं. पहिलं फुगलं की नळी बाहेरून दाबली जाते, दुसरं फुगलं की तिची आतली बाजू खडबडीत दिसते. मला डॉक्टरांनी पडद्यावर पेनाच्या टोकाने दाखवलं होतं. सरळ पांढरी रेघ असायला हवी, तिथे कोणीतरी बोटांनी जागोजागी चिमटे काढल्यासारखी ती दिसत होती.

दुसरी गोष्ट हळूहळू घडते. वर्षानुवर्षं दाब राहिला आणि नळीच्या भिंतीला रक्त कमी पडलं की तिथे व्रण, म्हणजे जखम भरल्यावर राहतो तसा कडक वण, धरतो. दाबाने आलेला अरुंदपणा शिरांवरचा दाब उतरला की सुटतो, व्रणाचा सुटत नाही. पुढची सगळी उपचारांची भानगड या एका फरकावर चालते.

रिपोर्टात ‘पोर्टल बिलिओपथी’ लिहिलंय की ‘पोर्टल कॅव्हर्नोमा कोलँजिओपथी’, याने घाबरू नका, दोन्ही एकच. चंडीगडच्या दिलावरी आणि चावला यांनी 1992 साली अशा रुग्णांवर लिहिलं, तेव्हा त्याला खोटा स्क्लेरोझिंग कोलँजायटिस म्हटलं होतं, कारण चित्र त्या आजारासारखं (पित्तनलिका व्रणाने अरुंद होण्याचा वेगळा आजार) दिसतं. कधी ते पित्तनलिकेच्या कॅन्सरसारखंही दिसतं. जुनी पोर्टल व्हेनची हकिकत माहीत नसलेल्या माणसाने फिल्म वाचली की घरात रडारड होते. म्हणून भावाचे जुने सगळे कागद प्रत्येक तपासणीला बरोबर न्या.

आता महत्त्वाचं. पोर्टल व्हेन बंद असलेल्या बहुतेकांच्या पित्तनलिकेत नीट पाहिलं तर काही ना काही बदल सापडतातच. त्रास त्यातल्या थोड्यांनाच होतो, आणि तोही सहसा बऱ्याच वर्षांनी. नुसत्या फिल्मवर उपचार करत नाहीत. ठरावीक अंतराने लिव्हरच्या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. कावीळ, खाज, वरच्या पोटात उजवीकडे कळ, थंडी वाजून ताप, यांपैकी काही सुरू झालं की चित्र बदलतं.

खाजेबद्दल दोन शब्द, कारण ती आधी कोणी मनावर घेत नाही. माझी सुरुवात तळव्यांपासून झाली. पुरळ नाही, काही नाही. रात्री दोन वाजता उठून कंगव्याने तळपाय खाजवत बसायचो. त्वचेच्या मलमांत चार महिने गेले, तोपर्यंत लघवी गडद पिवळी व्हायला लागली होती. तेव्हा कुठे रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ, तपासलं.

मग पहिली ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत करायची प्रक्रिया) झाली. नळीत गोल सावली दिसली, खडा समजून फुग्याने ओढली, आणि रक्त सुरू झालं. ती नळीच्या आत फुगलेली शीर होती. आवरण असलेला धातूचा स्टेंट आतून दाबून बसवला, तेव्हा थांबलं. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की दुर्बिणीतून डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे ईयूएस, आधी केली असती तर आतला रक्तप्रवाह दिसला असता. म्हणून फक्त ‘बघायला’ ईआरसीपी करून घेऊ नका. बघायला एमआरसीपी आहे, ईयूएस आहे. ईआरसीपी काहीतरी करायचं असेल तेव्हाच.

पित्ताशयाचं तेच. त्याच्या भिंतीतही अशा शिरा असतात. नेहमीचं दुर्बिणीचं ऑपरेशन इथे रक्तस्रावामुळे फार जोखमीचं होतं. खडे गप्प असतील तर गप्प राहू द्या.

त्रास सुरू झालाच तर क्रम असा असतो: ताप असेल तर आधी अँटिबायोटिक आणि स्टेंट, म्हणजे पू आणि पित्त वाहून जाईल. ती तात्पुरती सोय. खरा इलाज शिरांवरचा दाब उतरवणं, म्हणजे शंट, रक्ताला दुसरी वाट काढून देणारं ऑपरेशन. बहुधा प्लीहा काढून तिची शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जोडतात. पुष्कळांची कावीळ एवढ्यानेच जाते. काही महिने थांबूनही नळी अडलेलीच राहिली, म्हणजे व्रण आहे, तर दुसऱ्या टप्प्यात पित्तनलिका आतड्याला जोडतात. दाब न उतरवता थेट नळीवर ऑपरेशन करायला जाणं म्हणजे फुगलेल्या शिरांच्या जाळ्यात सुरी घालणं.

आणि इथे माझी चूक, खरं तर माझ्यासाठी इतरांनी केलेली. 14व्या वर्षी प्लीहा मोठी आहे, प्लेटलेट कमी आहेत म्हणून नुसती प्लीहा काढली, शंट केला नाही. 31व्या वर्षी खरी गरज पडली तेव्हा जोडायला शीरच उरली नव्हती, आतड्याकडची शीरही गुठळीने बारीक झालेली. म्हणून 6 वर्षं स्टेंटवर आहे, आतापर्यंत 22 वेळा बदलला. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांनी बदलावा लागतो, नाहीतर गाळाने बुजतो. एकदा प्रवासामुळे पाच आठवडे उशीर केला. संध्याकाळी हुडहुडी भरली, रात्री रक्तदाब कोसळला आणि पुढचे नऊ दिवस आयसीयूत. स्टेंट असताना थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघू नका.

तेव्हा भावाची प्लीहा नुसती काढायची गोष्ट कोणी काढली, तर लगेच विचारा: शंटचं काय?

पुढच्या एमआरसीपीबरोबर शिरांचा एमआर अभ्यासही करून घ्या. रेडिओलॉजिस्टना लेखी सांगा की प्लीहेची आणि आतड्याकडची शीर उघडी आहे का, किती रुंद आहे, डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेपासून किती लांब आहे, ते रिपोर्टात लिहा. अल्कलाइन फॉस्फटेज हाडांमुळेही वाढतं, म्हणून सोबत जीजीटी (हाडांमुळे न वाढणारं यकृताचं एन्झाइम) बघा. रिपोर्ट आला की शिरांचा भाग इथे टाका, भावाचं नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून.